सासूबाई तयार होऊन बसल्या, पण मत घ्यायला कुणी आलंच नाही

पत्र : नमस्कार ताई. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पलंग ते खुर्ची एवढंच त्यांचं चालणं. गेल्या विधानसभेला शेजारच्या आजींचं मत घ्यायला सरकारी माणसं घरी आली. ते बघून मतदानाच्या आठ दिवस आधी मी चौकशी केली, तर मुदत संपली असं उत्तर मिळालं. सासूबाईंना ते काही पटलं नाही. मतदानाच्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्याकडून नऊवारी नेसवून घेतली आणि ओळखपत्र हातात धरून खुर्चीत बसून राहिल्या. ‘येतील गं, शेजारी आले होते ना.’ संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर कार्ड माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी ऑनलाइन यादीत त्यांचं नाव शोधून ठेवलं होतं. नाव बरोबर होतं, वय तेवढं ८१ दाखवत होतं, पण नाव आहे म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

यजमान माध्यमिक शाळेत शिक्षक. दर निवडणुकीला ड्युटी ठरलेली. ते म्हणतात, टपालाच्या मतावर आपला नंबर असतो, कुणाला दिलं ते कळतं. त्यामुळे बऱ्याचदा ते मत देतच नाहीत. मुलगा फौजेत आहे, सध्या जम्मूकडे, सूनही त्याच्यासोबत. मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. तिचा प्रश्न, ‘आजीला, बाबांना, दादाला टपालाने मत देता येतं, मग मला का नाही?’ एकाच घरात प्रत्येकाला वेगळा नियम कसा? नीट समजावून सांगाल का?

– एक सून, सातारा जिल्हा


ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नऊवारीचं नाही, ते वाचून तर मला पुढचं पत्र हातात धरवेना. मी म्हणतेय ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : ‘वय तेवढं ८१ दाखवत होतं.’ तुम्हाला वाटतंय मुदत हुकली म्हणून मत गेलं. मुदत हुकली हे खरंच, पण तुम्ही वेळेत अर्ज केला असता तरी तो बहुधा परत आला असता. घरी येऊन मत घेण्याची सोय वयाची ८५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे, आणि हे वय धरतात मतदार यादीतलं. सासूबाई खऱ्या कितीच्या आहेत ते घरच्यांना माहीत, यादीच्या हिशेबाने त्या तेव्हा ८१ च्याच होत्या. म्हणून आधी यादीतलं वय, मग अर्ज. याच क्रमाने सांगते.

मी शिक्षिका होते. निवृत्त होण्याआधी जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला ड्युटी केली. केंद्राध्यक्ष झाले, एकदा टपाली मतांच्या मोजणीच्या टेबलावर बसले, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुकांना गृहमतदानाच्या पथकात होते. त्यामुळे यातलं बरंचसं जवळून पाहिलेलं आहे.

त्या पिढीच्या वयाचा घोळ नवीन नाही. मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकलं, तीच जन्मतारीख झाली. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांचं वय तर यादी करायला आलेल्या माणसाने अंदाजानेच लिहिलं, आणि घरच्यांनीही कधी दोन वर्षं इकडे, कधी पाच वर्षं तिकडे सांगितलं. एरवी त्याने काही अडत नाही, कारण अठराच्या पुढे वय कितीही असलं तरी मत एकच. पण ८५ चा नियम आला आणि तीच पाच वर्षं आता आडवी आली.

दुरुस्तीसाठी नमुना ८ भरायचा. पत्ता बदलणं, नाव-वय-फोटोतली चूक सुधारणं, हरवलेलं कार्ड पुन्हा मिळवणं, दिव्यांग म्हणून नोंद करणं, ही सगळी कामं त्याच एका अर्जात होतात. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा ॲपवर भरता येतो, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) किंवा तहसील कचेरीतल्या निवडणूक शाखेत द्या. सोबत वय दाखवणारा कागद लागेल. सासूबाईंचा शाळेचा दाखला मिळाला तर सगळ्यात उत्तम, नसेल तर पॅनकार्ड आहे का बघा. अर्ज दिल्यावर जो संदर्भ क्रमांक मिळतो तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि महिन्याभराने यादी पुन्हा उघडून वय बदललं का ते स्वतः पाहा. हे काम आत्ता करा. निवडणूक जाहीर झाल्यावर केलेली दुरुस्ती वेळेत यादीत उतरेल याची खात्री नसते.

कुणीतरी तुम्हाला सांगेल, ‘त्या पलंगावर आहेत ना, मग दिव्यांगात बसतील.’ दिव्यांगांना ही सोय आहे, पण त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागतं आणि यादीत तशी नोंद असावी लागते. नुसतं आजारपण, ऑपरेशन, अंथरुणाला खिळलेपण पुरत नाही. सासूबाईंचं खुब्याचं दुखणं कायमचं असेल तर जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र काढता येतं का ते विचारा, त्याचा इतरही ठिकाणी उपयोग होईल. मात्र त्यांची ने-आण करायची म्हणजे त्यांनाच त्रास. मला विचाराल तर वयाची दुरुस्ती हा सोपा रस्ता आहे.

आता मुदतीचं. गृहमतदानाच्या अर्जाला नमुना १२ ड म्हणतात. निवडणुकीची अधिसूचना, म्हणजे अधिकृत सरकारी आदेश, निघाल्यापासून पाच दिवसांत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे. इथे दोन तारखांची गल्लत होते. टीव्हीवर पत्रकार परिषद होऊन ‘निवडणूक जाहीर’ होते तो एक दिवस, आणि अधिसूचना निघते तो दुसरा. गेल्या विधानसभेची घोषणा झाली १५ ऑक्टोबर २०२४ ला, अधिसूचना निघाली २२ ला. म्हणजे १२ ड ची मुदत २७ ऑक्टोबरला संपली. मतदान होतं २० नोव्हेंबरला. तुम्ही मतदानाच्या आठ दिवस आधी विचारलंत, तोवर मुदत जाऊन पंधरा दिवस उलटले होते. आणि ते पाच दिवस कोणते होते आठवतंय? दिवाळीच्या तोंडावरचे. घरोघरी चकलीचा सोऱ्या बाहेर निघालेला. टपाली मत हुकतं ते असं, तीन आठवडे आधी, कुणाचं लक्ष नसताना.

बीएलओने ८५ च्या वरच्या आणि दिव्यांग मतदारांच्या घरी जाऊन १२ ड द्यायचा, पोच घ्यायची आणि भरलेला अर्ज परत न्यायचा, अशी पद्धत आहे. पण त्याच्या हातातली यादी वयावरून निघालेली असते. सासूबाई तिच्यात नव्हत्याच, म्हणून तुमच्या दारात कुणी आलं नाही. शेजारच्या आजी होत्या, म्हणून त्यांच्याकडे आले. यात मुद्दाम कुणी तुम्हाला टाळलेलं नाही, हे सासूबाईंना आवर्जून सांगा. पुढच्या वेळी मात्र बीएलओची वाट बघत बसू नका. घोषणा झाली त्याच दिवशी त्याला फोन करा. नंबर नसेल तर १९५० ही मतदार मदतवाहिनी आहे. घोषणा आणि अधिसूचना यांच्यामधले दिवस तयारीचे समजा.

एक अट आधीच ठाऊक असू द्या. १२ ड मंजूर झाला की यादीत त्या नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण लागते आणि मग त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. म्हणून पंच्याऐंशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हा अर्ज भरावा असं मला अजिबात वाटत नाही. ज्या आजोबांचे पाय चालताहेत, ज्यांना रांगेत चार ओळखीचे भेटतात, बोटाला शाई लावून घेण्यात ज्यांना आनंद आहे, त्यांना घरी बसवू नका. केंद्रावर व्हीलचेअर आणि रॅम्प असतात, वृद्धांना रांगेत थांबवत नाहीत. ज्यांना उठवत नाही त्यांच्यासाठी ही सोय आहे.

हा नियम तसा नवाच. २०१९ साली निवडणूक नियमांत बदल होऊन ८० वर्षांवरच्यांना आणि दिव्यांगांना टपाली मताची मुभा मिळाली, झारखंडच्या विधानसभेला ती काही मतदारसंघांत पहिल्यांदा वापरली गेली. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ वर नेली आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला घरी येऊन मत घेणं देशभर झालं. तुमच्या गावात लोकांना याची सवय नाही, यात नवल नाही.

पथक येतं तेव्हा काय होतं ते सांगते, म्हणजे सासूबाईंना आधी कल्पना देता येईल. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपून मतपत्रिका छापल्या गेल्या की मगच ही फेरी निघते, आणि मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत ती संपवायची असते. येण्याचा दिवस आधी कळवतात. उमेदवारांनाही वेळापत्रक देतात, त्यांचा प्रतिनिधी हजर राहू शकतो. दोन मतदान अधिकारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा, एवढी माणसं एकदम घरात शिरतात. म्हातारं माणूस बावरतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. मतदार घरी नसेल, दवाखान्यात नेलेला असेल, तर पथक आणखी एकदा येतं. दुसऱ्यांदाही भेट झाली नाही तर तिसरी फेरी नाही.

एका घरी आम्ही गेलो होतो. आजी नव्वदीच्या पुढच्या, पलंगावर बसलेल्या. पुठ्ठ्याचा आडोसा आम्ही त्यांच्या मांडीवरच्या पाटावर उभा केला, मतपत्रिका दिली, पेन दिलं. मुलगा उशाशी उभा होता. तो वाकून म्हणाला, ‘आई, मी दाखवतो कुठं ते.’ आजींनी पेन खाली ठेवलं. ‘तू बाहेर हो. हे बी बाहेर होऊ देत. मत माझं हाय.’ आम्ही सगळे दाराशी पाठ करून उभे राहिलो. आत बराच वेळ शांतता. मग त्यांनी हाक मारली, तेव्हा मतपत्रिका घडी घालून छोट्या लिफाफ्यात गेलेली होती आणि डिंकाचा हात त्या पदराला पुसत होत्या. त्या आजी बरोबर होत्या. घरातलं मत असलं तरी ते गुप्तच. मतदाराला दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तरच त्याच्या पसंतीचा एक सोबती मदत करू शकतो, आणि त्याने ते मत बाहेर सांगायचं नसतं. सासूबाईंचा हात नीट चालत असेल तर तुम्ही दोघं त्या पाच मिनिटांसाठी अंगणात जा.

आता त्या लिफाफ्यांकडे वळते, कारण तुमच्या यजमानांची शंका तिथेच सुटते. टपाली मतात दोन लिफाफे आणि एक घोषणापत्र असतं. मतपत्रिका छोट्या लिफाफ्यात घालून तो चिकटवायचा, त्याला १३ ब म्हणतात. घोषणापत्र, म्हणजे १३ अ, यावर मतदाराची सही आणि अधिकाऱ्याचं साक्षांकन, म्हणजे ही सही याच मतदाराची असं अधिकाऱ्याने सही करून सांगणं. मग चिकटवलेला छोटा लिफाफा आणि सुटं घोषणापत्र, दोन्ही मोठ्या लिफाफ्यात, तो १३ क. मतपत्रिकेचा अनुक्रमांक घोषणापत्रावर आणि छोट्या लिफाफ्यावर असतो. तुमचे यजमान म्हणतात तो नंबर हाच. त्यांचं निरीक्षण खरं आहे, पण पुढे काय होतं ते त्यांना दिसलेलं नाही.

मोजणीच्या टेबलावर पहिल्यांदा फक्त मोठा लिफाफा उघडतात. आतलं घोषणापत्र काढून सही आहे का, साक्षांकन आहे का, अनुक्रमांक छोट्या लिफाफ्याशी जुळतो का, एवढंच पाहतात. मग बरोबर असलेली सगळी घोषणापत्रं वेगळ्या पाकिटात घालून ते पाकीट सीलबंद करतात. नियमच आहे की ते सील झाल्याशिवाय एकही छोटा लिफाफा फोडायचा नाही. म्हणजे मतपत्रिका उघडी होते तेव्हा नावांचे कागद लाखेखाली गेलेले असतात. मोजणाऱ्यासमोर नुसत्या खुणा असतात. मी स्वतः तिथे बसले, आमच्याच शाळेतल्या सहकाऱ्यांची मतं त्या गठ्ठ्यात होती, आणि कुणाचं कोणतं ते मला सांगता आलं नसतं. साक्षांकन करणारा अधिकारीही तुमच्या यजमानांची सही बघतो, मत बघत नाही.

मला त्या टेबलावर वेगळ्याच गोष्टीने त्रास झाला. मोठा लिफाफा उघडायचा आणि आत घोषणापत्र नसायचं. हाताला लागायचं, मतपत्रिकेबरोबर तेही छोट्या लिफाफ्यात घातलंय. पण तो लिफाफा उघडायचा अधिकार नाही. ‘नाकारले’ असा शेरा, बाजूला. किंवा घोषणापत्र आहे, सगळं भरलंय, सही राहिली. बाजूला. साक्षांकन नाही, बाजूला. हे सगळे शिकलेले लोक, दुसऱ्यांचं मतदान बिनचूक पार पाडायला चाळीस किलोमीटर लांब जाऊन केंद्रावर रात्र काढणारे. आणि त्यांचं स्वतःचं मत न उघडताच संपलं. आतला कागद उघडल्यावरही काही बाद होतात : दोन नावांपुढे खूण, एकाही नावापुढे नाही, किंवा हौसेने खाली केलेली स्वतःची सही. मतदार ओळखू येईल असं काहीही लिहिलं की मत बाद. खूण बरोबरची असो की फुलीची, कुणाला दिलंय ते स्पष्ट दिसलं की झालं.

आता शिक्षकांना ते पूर्वीसारखं घरी नेऊन पोस्टाच्या पेटीत टाकायचं नसतं. २०२३ पासून नियम असा आहे की निवडणूक ड्युटीवरच्या मतदाराने सुविधा केंद्रावरच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत द्यायचं, तिथेच लिफाफा जमा करायचा. ही केंद्रं प्रशिक्षणाच्या ठिकाणी असतात, साक्षांकनाला अधिकारीही तिथेच. यजमानांनी ड्युटीच्या आदेशाबरोबर नमुना १२ लगेच भरून द्यावा आणि प्रशिक्षणाला जाताना ओळखपत्र न्यावं. दुसऱ्या प्रशिक्षणाला सगळ्यांना घरी जायची घाई असते, रांग बघून अनेक जण काढता पाय घेतात. त्यांनी तसं करू नये. ज्या मतदारसंघात त्यांचं मत आहे त्याच मतदारसंघात ड्युटी लागली असेल, आणि लोकसभेला तसं पुष्कळदा होतं, तर १२ अ भरून ड्युटी प्रमाणपत्र मागावं. ते दाखवून ज्या केंद्रावर काम करतात तिथल्याच यंत्रावर मत देता येतं, लिफाफ्यांचा प्रश्नच येत नाही.

‘एका मताने काय होतंय’ असंही ते म्हणत असतील तर त्यांना २०२४ चा मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघ दाखवा. यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४ मतं होती. एका मताचा फरक. टपाली मतं वायकर यांना १,५५०, कीर्तिकर यांना १,५०१. ती मिळवल्यावर वायकर ४८ मतांनी निवडून आले. कुठल्या बाजूचं बरं-वाईट झालं हा आपला विषय नाही. साडेचार-साडेचार लाखांच्या त्या लढतीचा निकाल लिफाफ्यांनी लावला, आणि त्यातले बरेचसे लिफाफे तुमच्या यजमानांसारख्या कर्मचाऱ्यांचे आणि मुलासारख्या जवानांचे असतात. विजयाचा फरक बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी ती बाद मतं पुन्हा तपासावी लागतात, असा आयोगाचा दंडकच आहे.

मुलाचा रस्ता वेगळा. तो सेवा मतदार, म्हणजे सैन्यातल्या नोकरीमुळे वेगळ्या यादीत येणारा. त्याची नोंद गावच्या साध्या यादीत नको, नमुना २ भरून त्याच्या युनिटमार्फत सेवा मतदारांच्या यादीत व्हायला हवी. सूनबाई त्याच्यासोबत राहतात, म्हणून त्यांचं नावही जोडीदार म्हणून त्याच यादीत येऊ शकतं. दोन्हीकडे नाव ठेवू नका, गावच्या यादीत त्यांची नावं अजून असतील तर ती कमी करून घ्या. पूर्वी मतपत्रिका टपालाने सीमेवर जायची आणि परत येईतो निकाल लागलेला असायचा. २०१६ च्या नियमबदलानंतर ती संगणकावरून जाते. जवान ती उतरवून छापतो, खूण करतो, घोषणापत्रावर त्याच्या अधिकाऱ्याचं साक्षांकन घेतो आणि लिफाफे टपालाने पाठवतो. जाताना वेळ वाचला, येताना मात्र टपालच. मोजणीच्या दिवशी मोजणी सुरू व्हायच्या वेळेपर्यंत, म्हणजे साधारण सकाळी आठपर्यंत, लिफाफा पोचला पाहिजे. नंतर आलेला न उघडता नाकारतात. त्याला सांगा, मतपत्रिका आली त्याच दिवशी पाठव.

सैन्यातल्या जवानाला आणखी एक मार्ग आहे, जो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो. तो आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या कुणाला तरी प्रतिनिधी नेमू शकतो, त्यासाठी नमुना १३ फ आहे. मग तो प्रतिनिधी जवानाच्या वतीने केंद्रावर जाऊन मत देतो. त्यासाठी शाई डाव्या हाताच्या मधल्या बोटाला लावतात, म्हणजे तुमचं स्वतःचं मत तर्जनीवर आणि मुलाचं शेजारच्या बोटावर. डोंगरात टपालाचा भरवसा नसेल तर हे त्याच्याशी बोलून ठरवा. टपाल किंवा प्रतिनिधी, दोन्हींपैकी एकच.

आता मुलीचा प्रश्न. सरळ सांगते, तिला टपालाने मत नाही. आपल्याकडे टपाली मत ही सर्वांसाठीची सोय नाहीच. कायद्याने ठरवलेल्या गटांनाच ते मिळतं : सेवा मतदार, ड्युटीवरचे कर्मचारी, प्रतिबंधात्मक अटकेत असलेले, ८५ वरचे, दिव्यांग, आणि रेल्वे, वीज, आरोग्य, अग्निशमन अशा ज्या अत्यावश्यक सेवा आयोग त्या निवडणुकीपुरत्या अधिसूचित करतो त्यांचे कामावरचे लोक. नोकरी, शिक्षण, मजुरीसाठी परगावी गेलेला माणूस त्यात नाही. परदेशात गेलेल्यांनाही नाही, नाव नोंदवता येतं पण मताला स्वतः केंद्रावर यावं लागतं. दुसऱ्या गावाहून मत देता येईल अशा यंत्राचा नमुना आयोगाने २०२२ च्या अखेरीस जाहीर केला, पक्षांना तो बघायला बोलावलंही, पण निवडणुकीत तो आलेला नाही. ऊसतोडीला सहा-सहा महिने घराबाहेर असणाऱ्या कुटुंबांकडे पाहिलं की ही उणीव मला फार बोचते. मुलीचा राग रास्त आहे.

तिच्यापुढे दोन वाटा आहेत. ती बेंगळुरूलाच राहणार असेल तर नमुना ८ भरून नाव तिकडे हलवावं. कायदा मतदाराला ‘सर्वसाधारणपणे राहतो तिथला’ धरतो, आणि जिथलं पाणी आपण पितो, जिथल्या रस्त्यावरून रोज जातो, तिथला आमदार निवडण्यात कमीपणा काही नाही. परत यायचं असेल, गावचंच मत ठेवायचं असेल, तर यावं लागेल. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा तिचा हक्क आहे, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये तो लिहिलेला आहे. कंपनीला तो कलमासकट लेखी कळवायला सांगा. मला स्वतःला पहिली वाट बरी वाटते, पण हे तिने ठरवायचं.

आणखी एक, नाहीतर सासूबाईंची पुन्हा निराशा व्हायची. मी वर जे १२ ड चं सांगितलं ते लोकसभा आणि विधानसभेचं. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, ग्रामपंचायत या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे कायदे वेगळे आहेत. मतदार यादी विधानसभेचीच वापरतात, त्यामुळे वयाची दुरुस्ती तिथेही दिसेल, पण विधानसभेला घरी आले म्हणून झेडपीलाही येतील असं धरून बसू नका. त्या वेळी त्यांना केंद्रावर न्यायचं असेल तर खुर्ची आणि गाडी यांची सोय आदल्या दिवशी करा, दुपारची ऊन-गर्दीची वेळ टाळा, केंद्र तळमजल्यावर आहे ना ते बघून ठेवा.

आणि १२ ड भरण्याआधी सासूबाईंना विचारा. त्या दिवशी नऊवारी नेसून बसल्या होत्या, कदाचित त्यांना घरी पथक नकोच असेल, शाळेतल्या त्या खोलीतच जायचं असेल. घरी म्हणाल्या तर अर्ज, केंद्रावर म्हणाल्या तर गाडी. वय दुरुस्त झालं की मला कळवा.